खाणीच्या गावातली भाजी: शिसं कुठून, कॅडमियम कुठून — प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२४

उद्या वांद्रे टर्मिनसवरून उदयपूरची गाडी आहे, त्याआधी प्रश्न काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे हेच काम दुसरं कुणी करायला घेतलं तर सुरुवातीला काय माहीत होतं आणि काय नव्हतं ते कळेल.

अरवलीत शिसं-जस्ताच्या खाणी फार जुन्या आहेत, जावर, दरिबा, आगूचा या तिन्ही ठिकाणी दोन हजार वर्षांहून जुनं खोदकाम सापडलंय, आणि जावरला तर मध्ययुगात मातीच्या मुशींमधून जस्ताची वाफ काढून ती थंड करून जस्त बनवायचे, एका भट्टीत ३६ मुशी. त्याच पट्ट्यातल्या एका गावात आमचं काम आहे. गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये. तिथले लोक भाजी बाजारात नेऊन विकतात, नाव बाहेर पडलं की भाव पाडणारा व्यापारी पहिला, आणि अजून आमच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही.

गावाच्या एका अंगाला जुन्या भट्ट्यांच्या स्लॅगचे ढीग आहेत, म्हणजे धातू वितळवून काढल्यावर उरलेला मळ, काळी काचेसारखी ढेकळं, शेताच्या बांधात पण तीच घातलेली. दुसऱ्या अंगाला बंद पडलेल्या खाणीचा टेलिंग्जचा बांध, म्हणजे खनिज काढून घेतल्यावर उरलेला पिठासारखा गाळ. मधे रस्ता. शेतात खत पडतं, विहिरीचं पाणी जातं. भाजीत शिसं आणि कॅडमियम आहे एवढं आधीच्या एका चाचणीत दिसलेलं, पण आलं कुठून? स्लॅग, टेलिंग्ज, रस्त्याची धूळ (पेट्रोलमधलं शिसं देशभरात १ फेब्रुवारी २००० ला बंद झालं पण मातीत पडलेलं शिसं कुठे जातंय, ते तिथेच राहतं), विहिरीचं पाणी की फॉस्फेट खत? फॉस्फेटच्या खडकात कॅडमियम असतं, म्हणून खत यादीत घेतलंच पाहिजे, बरेच जण ते विसरतात.

सामानात प्लास्टिकचे टब, सिरॅमिक सुरी, झिपलॉक, प्लास्टिकची खुरपी. लोखंडी खुरपं एकवेळ चालेल पण गॅल्व्हनाइज्ड बादली अजिबात नको, त्यावर जस्ताचाच थर असतो.

१९ जानेवारी

परत आले. पालक, मेथी, मोहरीचा पाला घेतला, प्रत्येक झाडाखालची मुळाजवळची माती वेगळी आणि वरची जेमतेम एक सेंटिमीटरची माती वेगळी. हे दोन थर एकत्र करू नका. हवेतून आलेलं सगळं वरच्या थरात बसतं, खाली फारसं उतरत नाही, तर दोन्ही मिसळले की धुळीची खूण पुसली जाते आणि मग कितीही महागडं मशीन वापरा, ती परत मिळत नाही.

पाणी घेताना जस्त डोकं खाणार हे तिथेच कळलं. विहिरीवरून शेतापर्यंत जीआय पाइप आहे, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, पाइपाच्या तोंडाशी घेतलेलं पाणी म्हणजे पाइपाचंच जस्त. म्हणून दोरी बांधून प्लास्टिकच्या डब्याने थेट विहिरीतून काढलं. ज्यांच्या शेतात काम केलं त्या काकींनी अर्ध्या वापरलेल्या खताच्या पोत्यातून मूठभर खत दिलं, आणि विचारलं की मुलांना मेथी द्यायची की नाही द्यायची. मी म्हटलं काकी, आत्ता सांगता येत नाही पण सांगेन नक्की. हे इथे लिहून ठेवते म्हणजे राहून जाणार नाही.

धुळीसाठी घरांच्या गच्चीवर पाण्याचे ट्रे ठेवायचा बेत होता, तो बकऱ्यांमुळे फसला, सकाळपर्यंत पाणी संपलेलं. मग रुईची पानं घेतली. रुईच्या पानावर पांढरी भुकटीसारखी लव असते, धूळ तिच्यात अडकते आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. एक जून पान उजेडात तिरकं धरून बघितलं तर टेलिंग्जच्या बाजूच्या झाडावर शिरेच्या दोन्ही कडांना राखाडी पट्टा स्पष्ट दिसत होता, रस्त्याच्या बाजूच्या झाडावर तो तपकिरी. खायचं झाड नाही, पण फुकटचा धूळ-ट्रे आहे आणि बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत.

येताना दोन गोण्या माती पण आणली, कुंड्यांसाठी. टर्मिनसला हमालाने आणि मग लोकलमध्ये लोकांनी ज्या नजरेने बघितलं ते सोडा, पण मातीच्या गोणीला आत प्लास्टिकचं अस्तर लावा, नाहीतर नुसत्या गोणीतून बारीक माती झिरपते आणि जी झिरपते तीच सगळ्यात जास्त धातूवाली असते, उरते ती जाड वाळू.

२ फेब्रुवारी

धुणं. ऐकायला फालतू वाटतं पण आत्तापर्यंतचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि माझ्या मते अख्ख्या कामाचा जीव यातच आहे.

भाजीत शिसं सापडलं असं म्हणतो तेव्हा ते पानाच्या आत आहे की पानावर बसलेल्या मातीत आहे? मशीनला दोन्ही सारखंच. मातीत शिसं पानापेक्षा शेकडो पट असेल तर पानावर चिमूटभर माती राहिली तरी सगळा आकडा मातीचाच येतो. म्हणून एकाच जुडीचे तीन भाग केले, एक न धुता, एक घरी भाजी धुतो तसं नळाच्या पाण्यात तीनदा, आणि एक नळाचं पाणी मग डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, पान-पान वेगळं करून दोन्ही बाजूंनी. ईडीटीएने (धातू पकडून ठेवणारं रसायन) धुवा असं काही ठिकाणी वाचलं होतं, ते केलं नाही, तो पानाच्या आतलं पण ओढून काढतो, मग नेमकं काय मोजलं ते सांगता येत नाही.

मेथीने छळलं. पालकाचं पान मोठं, बोटाने पुसता येतं. मेथीच्या दांड्याच्या बेचक्यात माती बसते आणि ती पाण्याने हलतच नाही. शेवटी पानं खुडून घेतली आणि दांडे वेगळे ठेवले, तसंही घरी आपण कोवळे दांडे सोडून बाकीचे टाकतोच.

९ फेब्रुवारी

सुकवणं आणि दळणं. ओव्हन ६५ डिग्रीवर. दळायला लॅबमधला मिक्सर होता, तो बाजूला ठेवला, कारण जारच्या तळाला जी बुश असते ती पितळेची, आणि पितळ कापायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालायची पद्धत आहे. आपण शिसं मोजणार आणि शिसंवाल्या बुशवर दळणार, हे जमणार नाही. अगेटचा (कठीण दगडाचा) खल मागून आणला, हात दुखले, पण पूड स्वच्छ.

२१ फेब्रुवारी

पहिला रन, म्हणजे मशीनवर मोजलेली पहिली खेप, आला आणि सगळा फुकट गेला.

ब्लँकमध्येच शिसं. ब्लँक म्हणजे रिकाम्या व्हेसलमध्ये (ज्या भांड्यात पूड ॲसिडमध्ये विरघळवतो, म्हणजे डायजेस्ट करतो, त्यात) नुसतं नायट्रिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सॅम्पलसारखंच सगळं करायचं, त्यात काहीच यायला नको. आमच्या ब्लँकमध्ये आलेलं शिसं हे नीट धुतलेल्या पालकाच्या जवळपास होतं. जस्त तर त्याहून वाईट. बाहेरच्या सेंटरचं बिल मात्र पूर्ण लागलं, सॅम्पलमागे हजार-बाराशे रुपये, आणि ब्लँकचे पण तेवढेच पैसे पडतात. तरी ब्लँकवर पैसे वाचवू नका. ब्लँक नसता तर मी हे आकडे खरे धरून चालले असते.

आधी ॲसिडवर संशय घेतला. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली साधी एआर ग्रेडची बाटली होती. शुद्ध ट्रेस मेटल ग्रेड मागवलं, ते कितीतरी महाग, त्याने थोडा फरक पडला पण थोडाच.

५ मार्च

सापडलं. लॅब असिस्टंट काकांनी दाखवलं खरं तर. ते म्हणाले, "ताई, तुम्ही रॅक तिथे खिडकीशी ठेवता ना, ती चौकट बघा कशी सोलतेय." जुना ऑइलपेंट, थरावर थर, खालचा थर किती जुना कुणाला माहीत नाही. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाची काही खात्री देता येत नाही. चौकटीवरून टेपने उचललेली पापुद्र्याएवढी खपली डायजेस्ट केली तर शिशाचा आकडा स्केलच्या बाहेर. त्यात समोर मेट्रोचं काम चालू, खिडकी हादरते, धूळ येते, खपल्या पडतात, आणि आम्ही तिथेच व्हेसल उघडी ठेवत होतो.

जस्ताचं कारण वेगळंच निघालं, ग्लोव्हज. रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड वापरतात, ते लॅटेक्समध्ये राहतं, नायट्राइलमध्ये पण. ग्लोव्हच्या बोटाचा तुकडा ॲसिडमध्ये टाकून बघितला आणि जस्त भरभरून आलं. आता पॉलिथिनचे पातळ ग्लोव्हज वापरतो, खानावळीत देतात तसे. ढिले असतात, बाटली निसटते, पण जस्त नाही.

बाकी काय बदललं ते एका दमात सांगते: खिडकी बंद करून कडांना टेप, वर प्लास्टिक शीट, व्हेसल भरायचं काम एका पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात, सगळ्या बाटल्या १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर, आणि प्रत्येक बॅचमध्ये तीन ब्लँक. डब्यासाठी लोहार चाळीतून छोटा फॅन आणि फिल्टर आणला, दोन हजारांच्या आत सगळं झालं. विकतचं क्लीन बेंच लाखांत जातं, आम्हाला ते परवडणारं नाही, आणि या कामापुरती गरजही पडली नाही.

ब्लँक खाली आला. पहिला रन पूर्ण रद्द, सॅम्पल पुन्हा डायजेस्ट केली. पूड जास्तीची ठेवली होती म्हणून वाचलो, लागेल त्याच्या चौपट पूड ठेवत चला.

१८ मार्च

रेफरन्स मटेरियल लावलं, म्हणजे ज्यातला धातू किती ते आधीच नक्की माहीत आहे अशी पूड. पूर्ण बाटली विकत घेणं आमच्या बजेटमध्ये बसत नव्हतं, दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मॅडमनी त्यांच्याकडची थोडी-थोडी दिली, त्यांचे उपकार आहेत. एनआयएसटी या अमेरिकन मानक संस्थेची पालकाची पूड १५७०ए, कॅडमियम २.९ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आसपास, आणि पीचच्या पानांची १५४७, शिसं ०.८७. दोन का? पालकाच्या पुडीत कॅडमियम भरपूर पण शिसं अगदी कमी, ते तपासायला पीचचं पान बरं. दोन्ही जुळले, कॅडमियम छान, शिसं थोडं कमी.

शिसं कमी का, ते व्हेसलच्या तळाशी दिसलं. डायजेशन झाल्यावर द्रावण पिवळसर स्वच्छ होतं पण व्हेसल तिरकी केली की तळाच्या गोलाईत एक राखाडी चंद्रकोर सरकायची, अगदी बारीक, हलवली की ढगासारखी उठायची आणि दोन मिनिटांत परत बसायची. न धुतलेल्या मेथीत ती सगळ्यात जाड, नळाने धुतलेल्यात पातळ, पान-पान धुतलेल्या पालकात जवळपास नाही. ही माती आहे. वाळू आणि चिकणमातीचे सिलिकेट नायट्रिकमध्ये विरघळत नाहीत. म्हणजे पानावर किती माती राहिली याचा पुरावा व्हेसलच्या तळाशीच बसलेला होता आणि आधीच्या बॅचमध्ये आम्ही तो गाळून टाकत होतो.

यावरून टायटॅनियमकडे वळलो. झाड टायटॅनियम जवळजवळ घेतच नाही, मातीत मात्र ते भरपूर. तर पानात जेवढं टायटॅनियम तेवढी माती चिकटलेली, आणि त्या मातीतलं शिसं माहीत असेल तर पानाच्या एकूण शिशातून मातीचं शिसं वजा करता येतं. अडचण अशी की टायटॅनियम सुद्धा नायट्रिकमध्ये पूर्ण विरघळत नाही, हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं, आणि ते आमच्या लॅबमध्ये आणायचं नाही हे ठरलेलंच आहे. हातावर थेंब पडला तर आतपर्यंत जातं, हाडातलं कॅल्शियम धरतं, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि ट्रेनिंग असल्याशिवाय कुणीही त्याला हात लावू नये, प्रोजेक्टची घाई कितीही असो. आम्ही पुडीच्या गोळ्या दाबून एक्सआरएफवर, म्हणजे क्ष-किरणांनी मोजणाऱ्या मशीनवर, टायटॅनियम घेतलं. न धुतलेल्या आणि नळाने धुतलेल्या सॅम्पलना मस्त चाललं, नीट धुतलेल्यांना आकडा मशीनच्या मर्यादेखाली गेला, आणि तेच तर हवं होतं.

अजून एक, पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडच असतं. म्हणजे ती खिडकी शिसं आणि टायटॅनियम दोन्ही देत होती, जुन्या बॅचवर हा हिशोब लावला असता तर खिडकीची खपली गावची माती म्हणून मोजली गेली असती.

६ एप्रिल

कुंड्यांची कापणी. यांची नोंद मधे केली नव्हती, आता एकत्र लिहिते.

फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजच्या गच्चीवर पालक आणि लाल माठ लावला. काही कुंड्यांत गावची माती, वर पारदर्शक शीटचा मांडव म्हणजे वरून धूळ नाही. काहींत नर्सरीची लाल माती आणि पानांवर दर आठवड्याला गावच्या वरच्या थरातली चाळलेली माती कुंचल्याने भुरभुरवायची. काहींत नुसती लाल माती. पहिल्यात धातू आला तर मुळातून, दुसऱ्यात आला तर पानावरून.

गावची माती कुंडीत दगडासारखी बसली, पालक उगवेना. तिथे शेतात ही माती शेणखताने आणि नांगराने मोकळी राहते, आमच्या कुंडीत दोन पाण्यात तिची फरशी झाली. शेणखत घालावं तर त्यातून धातू येणार आणि सेंद्रिय पदार्थ धातूला धरून ठेवतात म्हणून निकालही बदलणार. मग ॲसिडने धुतलेली क्वार्ट्झची वाळू मिसळली, सगळ्या कुंड्यांत सारख्या प्रमाणात, लाल मातीत पण. दुसऱ्यांदा पेरणी. मग कबुतरं. मग जाळी, जाळी नायलॉनची घेतली, तारेची नाही, तारेच्या जाळीला जस्त असतं हे आता डोक्यात पक्कं बसलंय.

मार्चअखेरीस ऊन तापलं तसा पालक खुरटला, माठ मात्र जोरात. मुंबईत हे करायचं असेल तर नोव्हेंबरात लावा. आमच्या हातात माती जानेवारीत आली म्हणून उपाय नव्हता.

२३ एप्रिल

आयसोटोप. यावर माझी सगळ्यात जास्त भिस्त होती, म्हणून नीट लिहिते.

एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू म्हणजे आयसोटोप. शिशाचे असे चार प्रकार, २०४, २०६, २०७, २०८. यातला २०४ जन्मापासून तेवढाच, बाकीचे तिन्ही युरेनियम आणि थोरियमच्या विघटनातून वाढत जातात. खनिज तयार होताना शिसं युरेनियमपासून वेगळं झालं की त्याचं प्रमाण तिथेच गोठतं. म्हणून जुन्या खनिजात २०६ भागिले २०७ कमी, ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलचं सुमारे १.०४, आणि आजच्या साध्या खडकांत ते १.२ च्या आसपास. झाडाने शिसं घेतलं तरी हे प्रमाण जाणवण्याइतकं बदलत नाही, हा मोठा फायदा.

आम्हाला क्वाड्रुपोल मशीन (अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं) मिळालं, त्यावर २०४ च्या नादी लागू नका, तेवढ्याच वजनाचा पारा-२०४ त्यात घुसतो. २०६/२०७ आणि २०८/२०६ घ्या, दर तीन-चार सॅम्पलनंतर एनआयएसटी ९८१ हे प्रमाणित शिसं लावा (त्याचं २०८/२०६ हे २.१६८), आणि सगळी द्रावणं शिशाच्या एकाच पातळीला आणून मग द्या. आमचा पहिला दिवस या शेवटच्या गोष्टीमुळे गेला, दाट द्रावण आणि पातळ द्रावण यांचं प्रमाण एकाच मातीचं असून वेगळं यायला लागलं, डिटेक्टर दाट द्रावणात मोजायला कमी पडतो.

निकाल: भाजीतलं, वरच्या मातीतलं आणि रुईच्या पानावरचं शिसं खनिजाचंच. विहिरीच्या पाण्यात मोजण्यालायक शिसं नव्हतं. इथपर्यंत छान.

पण स्लॅग आणि टेलिंग्ज आयसोटोपने वेगळे होत नाहीत. कसे होणार, दोन्ही त्याच डोंगरातल्या त्याच खनिजाचे, भट्टीत वितळवल्याने आयसोटोप बदलत नाही. हे आधी कागदावर बसून विचार केला असता तरी दिसण्यासारखं आहे, म्हणून पुढच्या माणसाला सांगते, आयसोटोपचे पैसे भरण्याआधी आपले संशयित वेगवेगळ्या खनिजाचे आहेत का ते बघा. दुसरी भानगड त्याहून बारीक आहे. अरवलीतलं खनिज १७०-१८० कोटी वर्षांचं, ब्रोकन हिलचं जवळपास १७० कोटी. दोघांचं प्रमाण शेजारी-शेजारी पडतं. पेट्रोलमध्ये घालायचं शिसं अशा जुन्या खनिजातून आलेलं असेल तर ते इथे खाणीच्या शिशासारखंच दिसणार. म्हणून रस्त्याची धूळ खाणीपासून लांब, हायवेवरची घ्यावी लागते, गावातल्या रस्त्याची उपयोगाची नाही. आम्ही परतीच्या वाटेवर घेतली होती, तिचं प्रमाण खनिजापेक्षा बरंच वर आलं, म्हणून आमच्यापुरता हा प्रश्न सुटला.

१५ मे

स्लॅग की टेलिंग्ज, यासाठी कॅडमियम आणि जस्ताचं गुणोत्तर वापरलं. कल्पना साधी आहे. कॅडमियम निसर्गात जस्ताच्या खनिजात, स्फॅलेराइटमध्ये, बसलेलं असतं. शिशाच्या भट्टीत कॅडमियम लवकर उडतं, त्याचा उत्कलनबिंदू ७६७ डिग्री, आणि जस्ताचा बराचसा भाग ऑक्साइड होऊन स्लॅगच्या काचेत अडकतो. म्हणजे स्लॅगमध्ये जस्ताच्या मानाने कॅडमियम कमी, टेलिंग्जमध्ये मूळ खनिजासारखंच. आमच्या दोन ढिगांमध्ये हा फरक स्वच्छ दिसला.

आणि हे गुणोत्तर पानात बघायचं नाही, हे ठळक अक्षरात समजा. झाड कॅडमियम एका वेगाने घेतं, जस्त दुसऱ्या वेगाने, शिसं मुळातच अडवून ठेवतं. पानातलं गुणोत्तर म्हणजे झाडाची आवड, स्रोताची खूण नव्हे. ते धुवणाच्या पाण्यातून गाळलेल्या धुळीत आणि मातीत बघायचं. धुवण आम्ही ठेवलं होतं, तो निर्णय उपयोगी पडला. धूळ टेलिंग्जशी जुळली. स्लॅगची ढेकळं जड आणि काचेसारखी, उडत नाहीत, गाळ पिठासारखा, उन्हाळ्यात वारा सुटला की उठतो. मुळाजवळच्या मातीत मात्र दोन्ही मिसळलेले, बांधाला लागून स्लॅग जास्त.

कुंड्या आणि धुण्याचा निकाल एकत्र ठेवला तेव्हा हे काम मला पहिल्यांदा पूर्ण समजलं. शिसं वरून येतं. गावच्या मातीतल्या झाकलेल्या कुंडीत पानात शिसं किरकोळ, मुळांत भरपूर. धूळ भुरभुरलेल्या कुंडीत पान न धुता शिसं जोरदार, नीट धुतलं की बहुतेक गेलं. शेतातल्या मेथीतही एकूण शिशाचा अर्ध्याहून बराच जास्त भाग चिकटलेल्या मातीचा. कॅडमियम बरोबर उलटं, झाकलेल्या कुंडीतही पानात चढलं, कितीही धुतलं तरी हललं नाही, पालकात माठापेक्षा जास्त. ते झाडाच्या आत आहे, जस्त-लोह घेण्याच्या वाटांनीच आत शिरतं, झाडाला ते वेगळं ओळखता येत नाही. खताचं कॅडमियम मोजलं, होतं, पण आमच्या मातीतल्या साठ्यापुढे अगदी थोडं.

म्हणजे ‘भाजीतल्या जड धातूंचा स्रोत’ असा एक प्रश्नच नाहीये. दोन धातू, दोन वाटा, दोन वेगळे उपाय. अहवालात या दोन्हींना एका तक्त्यात एका ‘प्रदूषण निर्देशांका’त घालून एक आकडा काढायची जी पद्धत आहे तिच्यावर माझा मनापासून राग आहे. त्या आकड्यावरून काकींना मी काय सांगणार? धुवा, की लावूच नका?

१९ जून

पाऊस सुरू झाला आणि पुड्या ओल्या झाल्या. झिपलॉकमध्ये असून. मुंबईच्या जूनमध्ये सुकी पूड हवेतलं पाणी पितेच, डेसिकेटरमध्ये (सिलिका जेल घातलेल्या बंद भांड्यात) ठेवलेल्या तेवढ्याच नीट राहिल्या. काही डब्यांत बुरशी, त्या टाकल्या. बाकीच्या परत ओव्हनमध्ये घालून वजनाचा फरक काढला आणि उरलेल्या मोजमापांना तो लावला. सिलिका जेल निळं असतं ते गुलाबी झालं की लगेच बदला, आठवड्याच्या भरवशावर राहू नका.

आता ओलं आणि सुकं. लॅबचे आकडे सुक्या पुडीचे असतात, कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा ताज्या भाजीची, पालेभाजीत शिसं ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो. पालकात ९१-९२ टक्के पाणी, म्हणजे सुक्याचा आकडा साधारण बाराने भागायचा. हे न करता सुका आकडा मर्यादेशेजारी ठेवून ‘दहा पट विष’ असं छापलेलं मी पाहिलंय. उलट बाजूने पण सावध राहायचं, शिशासाठी सुरक्षित म्हणावी अशी पातळीच ठरवता येत नाही म्हणून डब्ल्यूएचओ-एफएओच्या समितीने जुनी आठवड्याची मर्यादा २०१० साली मागे घेतली. कॅडमियमसाठी महिन्याला शरीराच्या दर किलोमागे २५ मायक्रोग्रॅम आहे, ६० किलोच्या माणसाला महिन्याला दीड मिलिग्रॅम, आणि भाजीसोबत गहू, मका, तांदूळ हे सगळं त्यात आलं.

म्हणूनच जपानमधल्या जिंझू नदीचं उदाहरण आणि इंग्लंडमधल्या शिपहॅमचं उदाहरण मी दोन्ही डोळ्यांसमोर ठेवते. जिंझूकाठी कामिओका खाणीचं कॅडमियम भातखाचरात गेलं, लोक रोज तोच भात खात राहिले, हाडं मोडणारा इताई-इताई आजार झाला, १९६८ साली सरकारने कारण मान्य केलं. शिपहॅम जुन्या जस्त-खाणीचं गाव, बागेच्या मातीत कॅडमियम प्रचंड, पण माती चुनखडीची आणि खाणं दहा ठिकाणचं, तिथे तसं काही झालं नाही. आमच्या गावची माती पण चुनखडीची, सामू आठच्या वर, ही जमेची बाजू. पण खाणं बरंचसं स्वतःच्याच शेतातलं, ही नाही.

२७ जून

काकींच्या मुलाला फोन केला, त्याने स्पीकरवर टाकला. सांगितलं ते असं. मेथी खा, पण पानं खुडून, मोठ्या टबात तीन पाण्यात, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि पहिलं पाणी परसात ओतू नका. टेलिंग्जच्या बाजूच्या दोन वाफ्यांत पालक लावू नका, तिथे वेल चढवा, दुधी, गिलकं, फळात कॅडमियम पानापेक्षा कमी जातं. स्लॅगची ढेकळं बांधातून काढून फोडू नका, आहेत तशी पडून राहिलेली बरी. शेणखत चालू ठेवा. लहान मुलांचे हात जेवणाआधी धुवा, धूळ भाजीपेक्षा हातावरून जास्त पोटात जाते. मोठ्या मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी कुठे जायचं ते विचारून कळवते म्हटलं, ते काम बाकी आहे.

त्यांनी विचारलं की मग तो गाळाचा बांध झाकणार कोण. त्यावर माती आणि गवत पसरलं तर धूळ निम्म्याहून खाली येईल असं मला वाटतं, पण ते वाटणं आहे, मोजलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात बांधापासून वेगवेगळ्या अंतरावर रुईची पानं घ्यायची आणि वाऱ्याच्या दिशेशी लावून बघायची, म्हणजे पंचायतीला अर्ज करताना हातात नकाशा असेल. अगेटचा खल परत केलाय, फिल्टरचा डबा लॅबमध्ये आहे, खिडकी खरवडून रंगवायचं एस्टिमेट टाकलंय. खरवडताना सुकी घासू नका, ओली करून घासा, असं काकांना सांगून ठेवलंय.